सहाणेवरचं अळंबं

भात शिजेपर्यंत दोनदा झाकण काढून बघणाऱ्यांतला मी. त्यात त्या वर्षी टिटवाळ्याच्या बाजूला एका फणसाच्या खोडावर मला ते अळंबं सापडलं आणि होती नव्हती ती स्वस्थताही गेली.

जंगल खात्यात मी नकाशे काढत असे. झाडांचे रोग हा फावल्या वेळचा नाद. फणसाला लागणारी अळंबी पुष्कळ पाहिली होती. ती लाकडासारखी कठीण, खालून बारीक भोकांची. याची भोकं मात्र भिंगाशिवाय दिसतील एवढी मोठी, वेडीवाकडी. ही जात नवी, अशी माझी खात्रीच झाली. पुढच्या खेपेला गेलो तोवर मालकाने ते पोखरलेलं झाड तोडून जाळलं होतं. राहिला तो एकच तुकडा, माझ्या ठाण्याच्या घरी कोनाड्यात, कागदात गुंडाळलेला. विलायतेत अळंब्यांचा अभ्यास करणाऱ्या एका पंडितांना तो धाडायचा होता. सोबतचं वर्णन चारदा लिहिलं, चारदा फाडलं.

एका दुपारी कल्याणचं काम आटोपून घरी आलो, तर बायको सहाणेवर काहीतरी उगाळत बसलेली. मांडीवर आमची सहा महिन्यांची मुलगी, तिच्या ओठांना तपकिरी लेप.

"बाळीचं तोंड आलंय. बरं झालं बाई, तुम्ही फणसअळंबं आणून ठेवलंत," ती म्हणाली. तिच्या माहेरी तान्ह्या पोरांना तेच लावत.

मी आधी सहाणेकडे धावलो, मुलीकडे नाही. हे लिहिताना आजही लाज वाटते. तुकड्याची खालची बाजू पार गुळगुळीत झाली होती. एक भोक शिल्लक नव्हतं.

"अगं, हे ते नव्हे! हे वेगळं आहे!" मी ओरडलो.

"वेगळं म्हणजे? विषारी?"

तेव्हा कुठे मी मुलीकडे वळलो. नवी जात, म्हणजे तिचे गुण कुणालाच ठाऊक नाहीत. आम्ही ओल्या फडक्याने मुलीचं तोंड पुसून काढलं. वैद्य गावाला गेलेले. संध्याकाळपर्यंत मी ओटीवर येरझारा घालत होतो, दर चार पावलांनी आत डोकावत होतो. देवा, हे नवं निघू नये. साधं फणसअळंबंच असू दे.

मुलीला काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी तोंडही बरं झालं. लगेच माझा उतावळेपणा पुन्हा उफाळला. उरलेला तुकडा वर्णनासह धाडून दिला आणि टपालवाल्याचा जीव खात राहिलो. काही महिन्यांनी उत्तर आलं: खालची बाजू झिजलेली असल्याने नवी जात मानता येत नाही, बहुधा फणसावरचं नेहमीचंच असावं.

"काय लिहिलंय?" मुलीला भरवता भरवता बायकोने विचारलं.

"नेहमीचंच आहे म्हणतात."

"मग मी बरोबरच ओळखलं होतं की!"

मी तिच्यावर खेकसणारच होतो. तेवढ्यात मुलीने तोंडातला भात माझ्या अंगरख्यावर उडवला आणि मला ओटीवरची ती संध्याकाळ आठवली. त्या दिवशी देवाकडे मागितलं होतं, तेच घरपोच आलं होतं.