डाव्या हाताची इस्त्री

एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री होती आणि तिथे सव्वीस वर्षं डॉक्टरांच्या कोटांना इस्त्री करणाऱ्या बाईंना सगळे कडकताई म्हणत. इस्त्री कडक म्हणून की स्वभाव कडक म्हणून, हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, शेवटी पाठ. हा क्रम कुणी बदललेला त्यांना खपत नसे. वजनदार इस्त्री उजव्या हातात, आणि डावा फक्त कापड ताणून धरायला.

दिवसभर उभं राहून पाय दुखतात म्हणून बायका घरी जाऊन पाय शेकत. कडकताई सकाळी कामाआधी दहा किलोमीटर पळून येत. शहरात दर वर्षी बेचाळीस किलोमीटरची शर्यत असे, ती त्यांनी अकरा वेळा पुरी केली होती. बारावी मात्र एकतिसाव्या किलोमीटरला एका उखडलेल्या फरशीने संपवली. गुडघा पिरगळला आणि आतून काहीतरी तुटल्याचा आवाज त्यांनी स्वतः ऐकला. दोघांनी स्ट्रेचरवर घातलं. मागून पळत येणारी माणसं वाट करून देत होती आणि कडकताई आडव्या पडून आभाळ बघत होत्या. दुखण्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. उचलून नेलं, ते मात्र जिव्हारी लागलं.

ऑपरेशन झालं. सर्जन म्हणाले, "पळणं आता विसरायचं. काही विचारायचंय?"

कडकताई त्यांच्या कॉलरकडे बघत होत्या. "हा कोट कुणी केलाय?"

रजेवर त्या होत्या, तेव्हा कुणीतरी दुसऱ्याने केला असणार हे उघड होतं. पण त्या वेळी त्यांना तेवढंच सुचलं.

घरी पाय खुर्चीवर ठेवून बसण्यात सहा आठवडे गेले. बसणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. घरातल्या सगळ्या टॉवेलांना त्यांनी बसल्या बसल्या इस्त्री केली. मग पुन्हा केली. तिसऱ्यांदा ढीग काढला तेव्हा त्यांचे यजमान म्हणाले, "राहू दे आता. टॉवेल पाणी टिपेनासे झालेत."

हे यजमान शाळेची बस चालवत. बसमधली पोरं दिवसभर इतकं बोलत की घरी आल्यावर आपणही बोललं पाहिजे असं त्यांना वाटत नसे. कडकताई त्यांना कौतुकाने आणि कधी रागाने ड्रायव्हरसाहेब म्हणत.

गुडघ्याचा व्यायाम करून घेणारी फिजिओ मुलीच्या वयाची होती. तिने कडकताईंना तरणतलावावर धाडलं. दोन पायांमध्ये फोमचा तुकडा धरायचा, पाय हलवायचे नाहीत, नुसत्या हातांनी पोहायचं. लहानपणी शिकलेलं पोहणं अंगात होतं, पण पहिल्या दिवशी एक फेरी मारून त्या काठाला धरून धापा टाकत राहिल्या. चार महिन्यांनी एका दमात साठ फेऱ्या होऊ लागल्या.

"ताई, हे हात कुठून आणलेत?" फिजिओने विचारलं.

"तुमच्या कोटांतून," त्या म्हणाल्या.

तलावाच्या फलकावर एक कागद लागला होता. शहराबाहेरचं सरोवर या काठापासून त्या काठापर्यंत पोहायचं, चार किलोमीटर, अडीच तासांच्या आत. पलीकडच्या काठावर लाल खांब असेल. पाण्यातून स्वतः बाहेर येऊन त्या खांबाला हात लावायचा. त्याआधी दुसऱ्या कुणाचा हात लागला तर पोहणं धरलं जाणार नाही. कडकताईंनी हा शेवटचा नियम पुन्हा वाचला. असा नियम करणारा माणूस शहाणा असला पाहिजे, असं त्यांचं मत झालं आणि त्यांनी नाव दिलं.

फिजिओ आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, "पाय नुसते मागून येऊ द्या. ऐकणार तर नाहीच तुम्ही."

शर्यतीच्या सहा आठवडे आधी, एका रविवारी, त्यांनी सरोवरात तालीम केली. शेजारून भाड्याच्या नावेत ड्रायव्हरसाहेब. त्यांनी आयुष्यात वल्ह्याला हात लावला नव्हता, पण बायकोला एकटीला सोडायला ते तयार नव्हते.

थोडं अंतर गेल्यावर ते म्हणाले, "उजवीकडे घे."

कडकताई पोहत राहिल्या. नाव दूर दूर जाताना दिसली, की त्यांना वाटे ड्रायव्हरसाहेब भरकटले. तिसऱ्यांदा "उजवीकडे घे" आलं तेव्हा त्यांनी डोकं वर काढलं.

"आधी तुमची नाव सरळ चालवा. एवढी वर्षं बस कशी चालवलीत?"

ड्रायव्हरसाहेब गप्प झाले, ते झालेच. पाऊण तासाने कडकताईंना समोर काठ दिसला. इतक्या लवकर पोहोचलो म्हणून त्या खूश झाल्या. मग त्यांना काठावर आपल्या चपला दिसल्या. मोठा फेरा मारून, जिथून निघाल्या त्याच काठाजवळ त्या परत आल्या होत्या.

रागाच्या भरात त्या तिथूनच पुन्हा वळल्या आणि जेमतेम अर्ध्यावर जाऊन हात उचलेनासे झाले. ड्रायव्हरसाहेबांनी बगलेत हात घालून त्यांना नावेत ओढून घेतलं. दुसऱ्यांदा उचलून नेलं होतं.

दुसऱ्या दिवशी कामावर एका कोटाची पाठ करता करता त्या थांबल्या. शिलाईच्या टेबलावरची टेप घेऊन त्यांनी उजवा दंड मोजला, मग डावा. चांगला दीड इंचाचा फरक होता. सव्वीस वर्षं उजव्या हाताने इस्त्री रेटली होती आणि डाव्याने नुसतं कापड धरलं होतं. पाण्यातही उजवा तेवढाच जोरात ओढत होता आणि अंग डावीकडे वळत होतं. तरणतलावाच्या तळाला काळी रेघ होती. तिच्याकडे बघून त्या नकळत सरळ होत. सरोवराला रेघ कुठून असणार?

त्यांनी इस्त्री डाव्या हातात घेतली.

त्यानंतरचे काही आठवडे हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी गबाळ्या कोटांत काढले. हृदयाचे एक मोठे डॉक्टर कॉलरची एक बाजू वर, एक खाली अशा थाटात मीटिंगला गेले. लाँड्रीचे सुपरवायझर खाली आले. "ताई, डोळे तपासून घ्या एकदा."

"डोळे ठीक आहेत. हात नवीन आहे."

रात्रीच्या जेवणात, ताटाकडे बघतच, त्या म्हणाल्या, "त्या दिवशी नाव सरळच होती."

"हं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले आणि त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

महिनाभरात कॉलरी पुन्हा बसायला लागल्या. पुढच्या तालमीला नाव शेवटपर्यंत हाताच्या अंतरावर राहिली.

शर्यतीच्या सकाळी पाणी गार होतं. कडकताईंनी ड्रायव्हरसाहेबांना बजावलं होतं, काही बोलायचं नाही. तेही नुसते वल्ही मारत राहिले. अर्ध्यावर डावा खांदा पेटला. उजव्यानेच ओढावं असं फार वाटलं. तसं केलं तर कुठे पोहोचू, हे त्यांना माहीत होतं. त्या डाव्याची वाट बघत, त्याच्या चालीने पोहल्या. तीन किलोमीटर झाल्यावर नावेतून एकच शब्द आला, "सरळ."

दोन तास एकवीस मिनिटांनी पायाला चिखल लागला. समोर वीसेक पावलांवर लाल खांब होता. त्या उभ्या राहिल्या आणि गुडघा दुमडला. पुन्हा उठल्या, पुन्हा खाली आल्या. काठावरचे दोन स्वयंसेवक धावले.

"हात लावू नका तिला," ड्रायव्हरसाहेब नावेतून उतरत म्हणाले. साठ पोरांच्या बसमध्येही त्यांचा आवाज एवढा चढला नव्हता. ते येऊन बायकोच्या शेजारी उभे राहिले. त्यांनी स्वतःचे हात पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते.

कडकताई हातांवर निघाल्या. डावा पुढे, मग उजवा, पाय मागून ओढत. चिखलातून, मग वाळूतून. काठावरचा घड्याळवाला उरलेली मिनिटं मोजून सांगत होता. अडीच तासांना चार मिनिटं असताना त्यांनी डावा तळवा खांबावर टेकवला आणि दहा श्वास तसाच राहू दिला.

मग त्या उताण्या झाल्या. वर आभाळ होतं आणि त्यात नवऱ्याचं घाबरलेलं तोंड. ड्रायव्हरसाहेबांचे हात अजूनही पाठीमागेच होते.

"अहो," कडकताई म्हणाल्या, "आता उचला."