व्हर्नियरची डबी

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या संगणकाच्या पडद्यावर, वर उजव्या कोपऱ्यात, प्रोसेसरच्या तापमानाचा एकाहत्तर अंश हा आकडा दिसत होता. तो आकडा तिथं त्यानंच लावून दिला होता. फोनवर त्याचा मेहुणा बोलत होता आणि मी कुठं बघावं ते न कळून त्या एकाहत्तरकडं बघत राहिलो. सकाळी नाश्ता करून खुर्चीत बसला, चष्मा पुसायला घेतला आणि तसाच कलंडला... त्याला आता दोन महिने होत आले. पहिला महिना मी रडण्यात घालवला. दुसरा त्याच्यावर चिडण्यात चाललाय. गेलेल्या माणसावर चिडणं फार गैरसोयीचं असतं, भांडायला समोर कुणी नसतं.

आम्ही दोघं उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत एकाच आठवड्यात कामाला लागलो. मी पॅटर्न करायचो, म्हणजे ज्याच्यावरून वाळूत साचा उठवतात तो लाकडी नमुना. वसंता तपासणीला. शर्टाच्या खिशात पेन असावं तसं त्याच्याजवळ व्हर्नियर असे, केसाएवढा फरक दाखवणारी मोजपट्टी. लोखंड थंड होताना आत कधी हवा अडकते आणि भोक राहतं. काही कारखानदार त्यात पुट्टी भरून वरून रंग मारतात. वसंता ते नुसतं बोट फिरवून ओळखायचा. एकदा त्यानं असा एक नग थेट मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि पेचकसानं पुट्टी उकरून काढली. म्हणाला, "भोक पडलं तर पडू दे, ती चूक हाय. पुट्टी भरली की लबाडी." मालकासमोर एवढं बोलणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. त्या दिवसापासून मी त्याचा झालो.

पुढं मी स्वतःचा पॅटर्नशॉप काढला, तेव्हा हाच नियम लावला. माझ्या सख्ख्या चुलतभावानं पुट्टी भरलेला माल माझ्या नावावर खपवला, तर मी त्याला दारातून परत पाठवला. आठ वर्षं झाली, त्याच्या घरच्या कार्यालाही गेलो नाही. वसंता तेव्हा म्हणाला होता, "मर्दा, जरा जास्तच करालास." मी म्हणालो, "तूच शिकवलंस की."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात नवा संगणक घ्यायची वेळ आली. आमच्या धंद्यात आता आधी पडद्यावर रस ओतून बघतात. साच्यात लोखंड कसं भरेल, कुठला भाग शेवटी थंड होईल, भोक कुठं पडेल, हे सगळं मशीन तासन्‌तास हिशेब करून सांगतं, आणि तेवढा वेळ त्याचा प्रोसेसर नुसता तापत असतो. वसंता नोकरी सोडून घरी बसला होता, मोबाइलवर व्हिडिओ बघून संगणक जोडायला शिकला होता. "तयार कशाला घेतोस? आपुन जोडूया की," म्हणाला. सुटे भाग रफीकभाईच्या दुकानातून आणले. त्यांची-माझी बारा वर्षांची ओळख. वसंतानं तीनदा हात धुतले. प्रोसेसरवर, त्याची उष्णता कूलरकडं नेणारी पेस्ट तुरीच्या दाण्याएवढी ठेवली, वर उंच कूलर बसवला आणि इंजिनाचं हेड आवळावं तसे स्क्रू आडवे-तिडवे, थोडे थोडे करून आवळले. मी येईल त्याला सांगत होतो, "वसंताच्या हातचं हाय, बघायचं काम न्हाई."

पहिलंच मोठं काम लावलं आणि वीस मिनिटांत आकडा शंभरावर जाऊन मशीन बंद पडलं. कॅबिनेटचं झाकण काढलं, समोर टेबलफॅन लावला, खिडकीला ओला पडदा टांगला. पुन्हा बंद. चार दिवस हा खेळ चालला आणि इकडं गिऱ्हाइकाचं काम अडलं. शेवटी वसंता म्हणाला, "माझी जोडणी बरोबर हाय. रफीकनं पीसच खराब दिलाय."

मला तेवढं पुरलं. दोघं स्कूटरवरून दुकानात गेलो. मी आत शिरलो तोच आवाज चढवून. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. रफीकभाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कूलरच्या बुडाला पातळ प्लास्टिक चिकटवलेलं असतंय, त्ये ऱ्हायलं की गरमी अडकती. बसवताना काढलं हुतं न्हवं?"

मी हसलोच. "केसाची जाडी मोजणाऱ्या माणसाला प्लास्टिक इचारताय व्हय? ह्यो वसंता हाय वसंता." आणि मग जे तोंडाला आलं ते बोललो. भामटा म्हणालो. पुन्हा या दुकानाची पायरी चढणार नाही म्हणालो. वसंता शेजारी उभा होता आणि काचेच्या कपाटातले माउस बघत होता. परतल्यावर चहालाही न थांबता घरी गेला. मला वाटलं, माझ्यासाठी त्याला वाईट वाटतंय.

दुसऱ्या दिवशी मी लग्नाला मुरगूडला गेलो. किल्ली त्याच्याकडं असायचीच. आलो तर मशीनवर मोठं काम चालू आणि आकडा सत्तर. "पंखा उलटा बसलावता, गरम वारं आतच फिरत हुतं," तो म्हणाला. मी विचारलं, "मग रफीकभाईचं काय?" पेस्टनं माखलेली बोटं फडक्याला पुसत तो म्हणाला, "पीस जरा गरमच हाय त्यो. पर चालंल आता."

या एका वाक्यावर मी वर्षभर रफीकभाईंच्या दुकानावरून मान वळवून गेलो. त्यांचे वडील वारले, सगळा उद्यमनगर मयताला गेला, मी गेलो नाही. वसंता गेला होता. आणि रोज संध्याकाळी पाचला तो माझ्याकडं यायचा, बसण्याआधी कॅबिनेटवर तळवा ठेवायचा आणि विचारायचा, "किती?" मी आकडा सांगायचो. मग चहा. वर्षभर रोज... त्या मशीनवर हात ठेवताना त्याला काय वाटत असेल?

तेराव्याला त्याच्या बायकोनं, सुनंदावहिनींनी, व्हर्नियरची लाकडी डबी माझ्या हातात दिली. "ही तुमालाच द्यायची म्हणून सांगून ठेवलंतं त्यांनी." मी ती घरी नेऊन देवघराशेजारी ठेवली. पंधरा दिवसांनी धीर करून उघडली. व्हर्नियरच्या खाली, मखमलीवर, अंगठ्याएवढा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा होता. एका बाजूला वाळलेली करडी पेस्ट. दुसऱ्या बाजूला लाल अक्षरांत, बसवण्याआधी काढा अशी इंग्रजी सूचना.

तो तुकडा घेऊन मी तसाच रफीकभाईंकडं गेलो. माफी कशी मागायची याची वाक्यं वाटेत जुळवली होती, पण मी तुकडा काउंटरवर ठेवला आणि त्यांनी तो नीट बघितलासुद्धा नाही. म्हणाले, "म्हंजे दिला शेवटी."

"तुमाला म्हाईत हुतं?"

"तुम्ही भांडून गेलासा, तिसऱ्या दिवशी आलते. हात जोडले. म्हणाले, दिनकरला मी सांगतो, तुम्ही बोलू नका. दर महिन्याला इचारायचो मी. सांगतो, सांगतो म्हणायचे." त्यांनी चहा सांगितला. "एकदा मी चिडलो. तर म्हणाले, प्लास्टिक ऱ्हायलं हे सांगायला काय न्हाई, हसंल आणि सोडंल. पर त्याच्यावर मी पुट्टी भरली, ते कसं सांगू? भावाचं काय केलंय त्यानं, बघितलंय मी."

मी त्यांच्या वडिलांच्या मयताचं काही बोलायला गेलो. रफीकभाईंनी फक्त कप माझ्याकडं सरकवला.

वसंतानं सांगितलं असतं तर मी त्याला हाकललं असतं का? बहुधा हाकललं असतं. दोन महिने, सहा महिने. पण ते ठरवायचा हक्क माझा होता, तो त्यानं मला दिला नाही. भित्रा निघाला. मालकाच्या टेबलावर पुट्टी उकरणारा माणूस मला भ्याला, आणि मी इतकी वर्षं त्याला मित्र म्हणत होतो. मरेपर्यंत थांबला आणि डबीतून कबुली पाठवली, म्हणजे फोडायला त्याचं थोबाड माझ्या हाताशी नको.

काल त्याच्याच व्हर्नियरनं तो तुकडा मोजला. जेमतेम दोन रेघा भरला, केसाएवढा. मग तो परत मखमलीवर ठेवून डबी लावली. चुलतभावाचा नंबर मोबाइलवर काढला आणि बराच वेळ तसाच बघत बसलो. पाच वाजले तसा माझाच हात कॅबिनेटवर गेला. पडद्यावर अडुसष्ट होते. मी ते मोठ्यानं सांगितले नाहीत.