अकोल्याचे सगळे शेठ बाहेरगावी

सूतगिरणी बंद पडली आणि नवरा घरी बसला, तेव्हा अमरावतीत एक खोली भाड्याने घेऊन मी दुकानांची बिलं आणि मालाचा हिशेब संगणकावर ठेवून देण्याचं काम सुरू केलं. कापसाला भाव नव्हता, त्यामुळे बाजारही थंड होता. दुकानदार चहा पाजायचे आणि परत पाठवायचे. महिनाअखेरीपर्यंत एकही गिऱ्हाईक मिळालं नाही तर खोली सोडायची, असं आम्ही ठरवलं.

अकोल्यात तेव्हा दुकानांच्या पाट्यांवर ईमेलचे पत्ते रंगवण्याची टूम निघाली होती. एक दिवस जाऊन पत्ते उतरवून आणले, धंद्याप्रमाणे लावले आणि प्रत्येकाला वेगळं पत्र लिहिलं. कापडवाल्याला ताग्यातून उरणाऱ्या तुकड्यांबद्दल, औषधवाल्याला मुदत संपलेल्या गोळ्यांबद्दल. मराठीत, पण इंग्रजी अक्षरांत. तेव्हा तसंच चालायचं.

कापडवाल्याचं उत्तर लगेच आलं. ‘मॅडम, मेल भेटला. शेठ बाहेरगावी हायेत.’ मग औषधवाल्याचं आलं: शेठ बाहेरगावी. चष्मेवाल्याचंही तेच.

नवरा म्हणाला, “लग्न असन कोणाचं मोठं. सगळे वरातीत गेले असतीन.”

“आत्ता कुठे लग्नं आहेत?”

“मंग तुह्या पत्रालेच भेले असतीन.”

शेवटी भांडीवाल्याचं उत्तर आलं. ‘मॅडम, कापडवाल्याले लिवलेलं पत्र जास्त चांगलं होतं. हे जरा घाईत लिवलं वाटते.’

ते खरोखरच घाईत लिहिलं होतं. पण कापडवाल्याचं पत्र भांडीवाल्याने कुठे वाचलं? मी अकोल्याची गाडी पकडली.

कापडवाले शेठ गादीवरच होते. “बाहेरगावाहून कधी आलात?” मी विचारलं.

“कोन गेलं बाहेरगावी? मी तं दुकान सोडून कुठी गेलोच नाही.” मी पत्राचं सांगितलं. त्यांनी गादीखालून एक छापलेला कागद काढला. “हे का? मले वाटलं इंग्रजी हाय. वरचा इंटरनेटवाला देऊन गेला. इमेलचं सगळं तोच पाहाते, बाई.”

जिना चढले. मेहंदी लावलेल्या दाढीचे एक गृहस्थ मला पाहून उठलेच. “आईये, आईये! अमरावतीवाल्या मॅडम ना?”

“तुम्ही कसं ओळखलं?”

“तुमच्याशिवाय इथं पत्र लिवते कोन?”

बाजारातले सगळे ईमेलचे पत्ते त्यांनीच उघडून दिले होते, सगळ्यांना पासवर्ड एकच. शेठच्या नावाने उत्तरंही तेच पाठवत होते. “शेठ लोक टोमने मारत, का मियाँ, तुमच्या पत्त्यावर कुत्रंबी येत नाही. तुमचे पत्रं आले, छापून वाटले. इज्जत राहिली माही.”

“मग शेठना वाचून का नाही दाखवलं? मला सरळ नाही म्हणून का नाही कळवलं?”

“नाही म्हटलं असतं तं तुमी आनखी लिवलं असतं का?”

“गिऱ्हाईक मिळालं नाही तर माझी खोली जाणार आहे,” मी म्हणाले.

ते मला खाली घेऊन गेले आणि माझं पत्र कापडवाल्या शेठना मोठ्याने वाचून दाखवलं. शेठनी शेवटपर्यंत ऐकलं.

“बिलाचं राहू द्या,” ते म्हणाले. “पन सुरतवाल्याले असं एक पत्र लिवून देता का? डाग पडलेला माल पाठवला त्यानं, आन् फोनवर मले बोलूच देत नाही. दर महिन्याले काही ना काही लिवा लागतेच. पैसे देतो ना.”

पहिलं पत्र मी तिथेच, वरच्या संगणकावर बसून लिहिलं. शेठच्या शिव्या तेवढ्या गाळल्या. निघताना भांडीवाल्यांनीही बोलावून घेतलं. त्यांना मुरादाबादच्या पितळवाल्याला लिहायचं होतं.

घरी आल्यावर नवऱ्याने विचारलं, “बिलाचं काम भेटलं?”

“नाही. पत्रं लिहायची. त्यांच्या नावाने, त्यांच्या व्यापाऱ्यांना.”

“मंग तू आता नेमकं काय करून राहिली?”

ते मलाही सांगता येईना. खोलीचं पुढच्या महिन्याचं भाडं मात्र सकाळी जाऊन देऊन आले.