मागच्या दाराच्या पाच पायऱ्या

हारलन ब्रॅटवोल्डच्या घरातलं एकही कपाट धड बंद होत नव्हतं, पण ते त्याच्या तोंडावर बोलायची कुणाची टाप नव्हती. माप चुकलं की लाकूड ओलं असायचं, नाहीतर करवतीचं पातं बोथट असायचं. हारलन? छे! तो कसा चुकेल! उत्तर मिनेसोटातल्या त्या गावात स्वतःच्या हातानं घर बांधलेला माणूस म्हणून मिरवायची त्याला भारी हौस.

वसंतात त्याच्या बायकोला, आर्डेलला, अर्धांगवायूचा झटका आला. डावा पाय जड पडला आणि तेव्हापासून ती उपचार केंद्रातच होती. सप्टेंबरात तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी हारलनला स्पष्ट सांगितलं, "मागच्या दाराला सहा-सहा इंचांच्या पायऱ्या करा. सगळ्या एकसारख्या. गुरुवारी आर्डेलला घेऊन येतो. चढता आलं तर ती घरी राहील, नाहीतर मुलीकडे, फार्गोला."

हारलननं सोमवारी बाजूच्या दोन तिरक्या फळ्यांना खाचा कापल्या. कुंपणापलीकडून शेजारच्या लाइलनं कॉफीचा मग हातात धरून विचारलं, "पायरीच्या फळीची जाडी खालून वजा केलीस ना रे?"

"मला शिकवतोस होय? तू आपली कॉफी पी!"

वजा केली नव्हती, म्हणजे दीड इंची फळ्या ठोकल्या की खालची पायरी तेवढी उंच होणार आणि वरची तेवढी बुटकी. पायऱ्या ठोकून झाल्यावर हारलननं टेप लावला. खालची पहिली पायरी साडेसात इंच, मधल्या सहा आणि वरची शेवटची साडेचार. सांगाडा सोडवून खालून दीड इंच कापायचा, अर्ध्या तासाचं काम. पण मेला लाइल खुर्ची टाकून तिथंच बघत बसलेला, त्याच्यादेखत कापलं की चूक कबूल! मंगळवारीही बसला, बुधवारीही. दीड इंचानं काय आभाळ कोसळतंय, असं म्हणत हारलननं पायऱ्यांना राखाडी रंग फासला.

गुरुवारी मुलगी जोॲन गाडीतून आर्डेलला आणि बाईंना घेऊन आली. आर्डेलनं केस नीट विंचरून घेतले होते. कठडा धरून तिनं डावा पाय उचलला. बोटं फळीच्या कडेला आपटली. पुन्हा उचलला, पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा ती पुढे झुकली आणि बाईंनी तिच्या कमरेला बांधलेला पट्टा धरला म्हणून वाचली. बाईंनी टेप काढला, मोजलं आणि लिहून घेतलं.

"बाकीच्या बरोब्बर आहेत हो!" हारलन काकुळतीला आला. "ही एकच जरा..."

"डॅड, तुम्हाला माहीत होतं?" जोॲननं विचारलं.

हारलन कठड्यावरचा रंग नखानं खरवडू लागला. आर्डेलची जीभ अजून अडखळायची, तरी तिनं एकेक शब्द नीट उच्चारला. "कधी कळलं तुला?"

"सोमवारी."

"मग?"

हारलनची नजर कुंपणापलीकडे बसलेल्या लाइलकडे गेली आणि लगेच परत आली. तेवढं तिला पुरलं. सत्तेचाळीस वर्षं त्या माणसाबरोबर काढली होती तिनं.

"सहा महिने मी या दारातून आत यायला पाय उचलायला शिकत होते, हारलन," ती म्हणाली. मग जोॲनकडे वळली. "गाडीत बसव मला."

"अगं थांब! आत्ता कापतो. अर्ध्या तासाचं तर काम आहे!"

"काप की," आर्डेल म्हणाली. "लाइल बघतोच आहे."

जोॲननं तिचा जड पाय उचलून आत घेतला आणि गाडीचं दार लावलं.