मताची गाडी

भामाला कुणी काहीही सांगा, तिचं उत्तर ठरलेलं. "बरं." लग्न ठरवून बाप घरी आला आणि म्हणाला, तुला सुकापूरला दिली, तर ही चुलीपुढून उठलीसुद्धा नाही, म्हणाली बरं. पुढे तिचा नवरा, शिवा, छातीत कळ येऊन तासाभरात गेला. डॉक्टर बाहेर आला, मान खाली घालून त्यानं काय सांगायचं ते सांगितलं, तर त्या डॉक्टरलाही ही म्हणाली बरं. तो बिचारा हबकून बघतच राहिला. लोक म्हणायचे, बाई दगड आहे. कसली दगड? आतलं बाहेर कसं काढायचं हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं, आणि पुढे पुढे आत काही आहे की नाही हे तिचं तिलाही कळेनासं झालं.

काम भाकऱ्यांचं. पनवेलकडच्या आगरी गावांतून हळद म्हटली की मटण आलं, आणि मटणाबरोबर तांदळाच्या भाकऱ्या आल्या, त्याही ढिगानं. त्या थापायला बायकांची टोळी बोलावतात. शिवा गेला तेव्हा मुलगा हितेश शाळेत होता, तेव्हापासून भामा या टोळीत. सकाळी टेम्पोत बसायचं, ज्या मांडवात उतरवतील तिथं चुलीपुढं बसायचं, उकड मळायची, पाण्याचा हात घेऊन भाकरी थापायची आणि तव्यावरची भाकरी बोटांनीच उलटायची. इतकी वर्षं हे करून बोटांच्या टोकांना चटका कळायचा थांबला होता. सून विनिता कुकरचं झाकण फडक्यानं धरायची, ही नुसत्या हातानं. विनिता ओरडायची, "अहो आई, भाजेल!" भामा म्हणायची, "काय नाय होत."

तिचं माहेर चिंचटेंभी, पळस्प्याच्या आतल्या अंगाला. सकाळी निघालं तर भेटून जेवायला घरी परत येता येईल, इतकं जवळ. पण जवळ असून काय उपयोग? भाऊ काशिराम तिच्याशी बोलत नव्हता. आणि त्यालाही हिचं ते "बरं"च कारण.

झालं असं, की एकदा टोळीची मुकादम म्हणाली, उद्या ऑर्डर आहे. भामा म्हणाली बरं. अगं, कुठं आहे, कुणाची आहे, विचार की! नाही विचारलं. टेम्पोतून उतरून बघते तर चिंचटेंभी, आणि मांडव आनंदाचा. हा आनंदा म्हणजे चुलतभाऊ, आणि शेताच्या बांधावरून त्याचं नि काशिरामचं हाडवैर. दोघांची दारं समोरासमोर. दिवसभर भामानं आनंदाच्या अंगणात भाकऱ्या थापल्या आणि दिवसभर काशिराम आपल्या ओट्यावरून बघत बसला. मधे काय, नुसता रस्ता. उठून गेली असती आणि म्हणाली असती, दादा, मला ठाऊक नव्हतं रे, तर चार शिव्या देऊन तो मोकळा झाला असता. पण उकड गार झाली की भाकरी चिरते, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि बसून राहिली. त्या वर्षी भाऊबीजेचं बोलावणं आलं नाही. गौरीचं आलं नाही. मग येईनाच.

एक दिवस तेवढा या अबोल्यातून सुटला होता. लग्नाआधी गावच्या मतदारयादीत भामाचं नाव घातलेलं, बापाच्या नावासकट, ते तसंच राहिलं होतं. सासरी गेलेल्या लेकींची नावं यादीतून काढायची घाई गावात कुणालाच नसते. ग्रामपंचायतीला एकेका वॉर्डात मतं ती किती असणार? दोनचार इकडची तिकडं झाली की माणूस पडतो. म्हणून जिथंतिथं दिलेल्या लेकी गाड्या पाठवून आणतात. काशिराम कायम कुठल्या ना कुठल्या पॅनेलात, त्यामुळे पाच वर्षांनी मतदानाच्या सकाळी सुकापुरात भामाच्या बिल्डिंगखाली हॉर्न वाजायचा. अबोला होता तरी वाजायचा. ठेवणीतली साडी नेसून ही तयारच. जायचं, मत टाकायचं, भावाच्या ओट्यावर जेवायचं. निघताना शांतीवहिनी पिशवीत पापड नि तांदूळ घालायची. काशिराम लांबूनच विचारायचा, "टाकलं मत?" ती शाईचं बोट वर करायची. बहीणभावाचं बोलणं संपलं. मताला आणलंय, मायेला नाही, हे तिला चांगलं कळत होतं. तरी त्या दिवशी ती माहेरी असायची आणि तेवढ्यावर तिची पुढची पाच वर्षं निघायची.

आता विनिता. सून कामाची, मायेचीही. नवीन पनवेलला एका दवाखान्यात कॉम्प्युटरवर बसते, आणि कागदपत्रात गडबड दिसली की तिला चैन पडत नाही. एक दिवस म्हणाली, "आई, तुम्ही राहता इथं आणि मतदारयादीत नाव तिथं, हे बरोबर नाही. आणि या वयात तिथवर धावायचं कशाला? मी बदलून देते." तिनं फोनवर फॉर्म आठ उघडला. पत्ता बदलायचा असला की तोच भरतात. भामाच्या मोबाइलवर आकडे आले. विनिता म्हणाली, "वाचा." भामानं एकेक आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. आपण काय वाचतोय, हे तिनं विचारलं नाही.

काही दिवसांनी बीएलओ बाई आल्या, घरोघरी जाऊन मतदारयादी तपासणाऱ्या. अनुया मॅडम, एरवी शाळेत शिकवतात. बाई शहाणी. नुसती सही घेऊन गेली नाही, समोर बसून सगळं फोडून सांगितलं. "मावशी, तुम्ही इथंच राहता ना? मग आता तुमचं नाव सुकापूरच्या यादीत येणार आणि चिंचटेंभीच्या यादीतून निघणार. पुढचं मतदान इथं. काही विचारायचं असलं तर आत्ताच विचारा."

भामा लसूण सोलत होती. तिचा हात थांबला. नाव निघालं की गाडी येणार नाही, हे तिला तेव्हा लख्ख कळलं. तिनं तोंड उघडलं. मॅडम थांबल्या, विनिताही चहाचा कप हातात धरून थांबली.

"बरं," भामा म्हणाली.

कपाळ माझं!

नवं कार्ड आलं. त्यावर बापाचं नाव जाऊन शिवाचं आलं होतं आणि पत्ता सुकापूरचा. तिनं ते कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिलं. वाईट वाटतंय का, असं तिनं स्वतःला एकदोनदा विचारून बघितलं. काही वाटत नव्हतं. संध्याकाळी भात लावायचा, सकाळी टेम्पो गाठायचा, सगळं होतं तसं चाललं होतं.

थंडीत चिंचटेंभीची निवडणूक लागली. टोळीतल्या बायकांकडून कळलं, की यंदा वॉर्डातली जागा बायकांसाठी राखीव, म्हणून काशिरामनं शांतीला उभी केली आहे आणि समोर आनंदाची सून. मतदानाच्या सकाळी भामा लवकर उठली, न्हाली, ठेवणीतली साडी नेसली आणि खिडकीशी बसली. विनितानं विचारलं, "आज ऑर्डर आहे का?" भामा म्हणाली, "नाय." मग कशाला नेसलात, असं विनितानं विचारलं नाही. गाडी येणार नाही हे पक्कं ठाऊक असून ती बसली होती.

आणि खाली हॉर्न वाजला.

काशिरामचा मुलगा हृतिक गाडी घेऊन आला होता. कुणाकुणाला आणायचं, ते पॅनेलच्या पोरांनी गेल्या वेळच्या कागदावरून उतरवलं होतं. नवी यादी कोण चाळतंय! "चल गो आत्या, लवकर, अजून दोघींना घ्यायचंय," तो खालून ओरडला. भामानं तिथंच सांगायला हवं होतं, की बाळा, माझं मत नाही आता तुमच्याकडं. तिनं चपला घातल्या आणि जाऊन गाडीत बसली. लबाडी केली, हो, केलीच. आयुष्यातली पहिली.

वाटेत हृतिक म्हणाला, "माझं लग्न ठरलंय आत्या. माघात हाय." सख्ख्या आत्याला हळदीला ये म्हणायचं, तर तेही त्याच्या हातात नव्हतं. त्यानं उगाच गाण्याचा आवाज वाढवला. भामा बाहेर बघत होती. पळस्प्याचा नाका गेला, गाडी आत वळली.

काशिरामच्या ओट्यावर टेबल मांडलं होतं. आलेल्या मतदाराचं नाव यादीत शोधायचं, नंबराची चिठ्ठी त्याच्या हातात द्यायची आणि शाळेकडं पाठवायचं, असं चाललं होतं. शांतीनं भामाच्या हातात चहा दिला. काशिराम पलीकडं खुर्चीत. केस पार पांढरे झाले होते त्याचे. हृतिकचं बोट यादीवरून खाली गेलं. परत वर आलं, परत खाली गेलं.

"आत्या, तुझं नाव..."

"नको शोधू," भामा म्हणाली. "मी नाय त्यात. सुकापूरला गेलंय माझं नाव."

शांती सकाळपासून उभी होती, जीव टांगणीला लागला होता तिचा, ती फटकन बोलून गेली, "मग आलीस कशाला गो?"

"गाडी आली म्हनून."

हे बोलताना भामाला वाटलं, आता रडू येणार. आलं नाही. तिनं चहा पिऊन टाकला, कप खाली ठेवला आणि जायला उठली. काशिरामनं हात केला, बस. शांतीला म्हणाला, "तू शालेकडं जा, तितं कोन नाय आपलं." ती गेली. हृतिकनं मान यादीत घातली.

काशिराम रस्त्याकडं बघत बोलला, आणि मतापलीकडचं किती वर्षांनी बोलला, ते दोघांनी मोजलंही नव्हतं.

"नाव होतं तवर बरं होतं, भामे. पोरांना सांगता यायचं, जा, तिला घेऊन या, मत हाय तिचं. आता काय सांगून आनू तुला?"

भामा त्याच्याकडं बघत राहिली. मताला आणतो, मायेला नाही, हे तिनं इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. भाऊसुद्धा त्या दिवसाची वाट बघत असेल, त्यालाही बहिणीला आणायला काही निमित्त लागत असेल, हे कधी तिच्या मनातच आलं नव्हतं. तो आपणहून ये म्हणणार नव्हता. अख्ख्या गावासमोर अबोला धरलेला माणूस, मोडणार कसा? आणि नाव तर गेलं होतं. तिनंच बरं म्हणून घालवलं होतं.

आता आत दुखायला लागलं. चांगलंच दुखत होतं. आणि तेव्हा भामानं जन्मात पहिल्यांदा कुणाकडं काही मागितलं.

"हृतिकची हलद हाय ना माघात," ती म्हणाली. "भाकऱ्यांना बोलव मला."

काशिरामनं मान वळवली. तिच्या हातांकडं बघितलं. सख्खी आत्या मांडवात मानानं बसायची, ती चुलीपुढं मजुरीला बसणार आणि आनंदाच्या घरची माणसं ते समोरून बघणार. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. त्याचे डोळे भरले होते. पण आवाज मात्र त्यानं कुठल्याही मांडववाल्याचा असतो तसाच ठेवला.

"मजुरी काय घेतेस?"

"टोलीला देशील ती."

"ये मग." तो उठला, खुर्ची मागं सारली. "हृतिक, नंबर घे हिचा."

हृतिकनं फोन काढला. भामानं एकेक आकडा सांगितला, या वेळी आपण काय सांगतोय ते नीट समजून. त्यानं नंबर टाकला, वर नाव टाकलं आणि फोन तिच्यापुढं धरला.

"'आत्या भाकरीवाली' असं केलंय बघ सेव्ह. चालेल ना?"

"बरं," भामा म्हणाली.