भाटी, पिसवा आणि काकूचं दुपटं

कोपरगावच्या आमच्या घरात एक करडी भाटी, म्हणजे मांजरी, होती. घरातल्या उंदरांपुरती ती सगळ्यांची, एरवी फक्त काकूची. काकूचं आठ महिन्यांचं मूल तापानं गेलं, त्याच आठवड्यात हे पिल्लू परसातल्या सरपणात ओरडताना सापडलं होतं. त्याला आता दोन पावसाळे झाले होते. काकू माणसांशी कामापुरतं बोलायची. भाटीशी मात्र तिचं दिवसभर चालू असायचं. भात जरा गिचका झालाय का गं, आज ऊन लवकर उतरलं नाही का, असलं काहीबाही. मी दाराआड तोंड दाबून हसायची. नऊ वर्षांची होते, चौथीत पहिली आले होते, आणि त्यामुळे घरच्यांना सोसवणार नाही इतकी शहाणी झाले होते.

लढाईचे दिवस होते. आई बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि माझ्या तान्ह्या भावाला घेऊन लवकरच परतणार होती. तेवढ्यात घरात सगळ्यांच्या घोट्यांवर लाल गांधी उठायला लागल्या. एका दुपारी आजीनं ओलं बोट टेकवून पायावरची पिसू धरली, उजेडात पाहिली, आणि तिचा चेहराच उतरला. तिच्या तरुणपणी प्लेग आला तेव्हा सारं गाव घरं सोडून रानात झोपड्यांत राहिलं होतं. परतताना आजीची धाकटी बहीण त्यांच्यात नव्हती. ही गोष्ट आजी कधी पुरी सांगत नसे.

तिनं काकूला बोलावून सांगितलं, "सूनबाई, मांजर मारायचं पाप मला नको. पण बाळ उंबऱ्याच्या आत यायच्या आधी ही नदीपलीकडे गेली पाहिजे. गाडीवाला पोत्यात घालून नेईल."

संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर काकूनं विचारलं, "पिसवा गेल्या तर राहू द्याल?"

आजी वाती वळता वळता म्हणाली, "एकसुद्धा दिसता कामा नये."

झालं. मी लगेच डॉक्टरीणबाई. परकर खोचून काकूला हुकूम सोडायला लागले. कडुनिंबाचा पाला उकळून गार केलेल्या पाण्यात भाटीला बुडवलं. तिनं माझ्या दंडावर अशी काही सही केली की ती चार दिवस मी शाळेत युद्धातली जखम म्हणून मिरवली. वेखंडाची पूड केसांत चोळली. रॉकेल कार्डावर मिळायचं, त्याला हात लावायची सोय नव्हती, म्हणून वाटीत रिठ्याचा फेस केला. फणीनं पिसू निघाली की फेसात टाकायची, म्हणजे तिला उडी मारता येत नाही. फणी आजीची होती. भाटीचं झालं की मी ती पुसून परत कोनाड्यात ठेवायची आणि आजी संध्याकाळी तिनंच विंचरायची. हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि आजही मला त्याचं हसूच येतं.

भाटी स्वच्छ झाली. फणीला काही लागेना. तरी आजीच्या पायांवर नव्या गांधी येतच होत्या. गाडीवाला परवा यायचा होता. काकूनं जेवणं सोडलं म्हणा ना. ताटावर बसायची आणि भाटीकडे बघत उठायची.

तेव्हा माझ्या डोक्यात एक किडा वळवळला. काळी पिसू आमच्या सावळ्या पायांवर दिसणार कशी? मी बाबांचं जुनं पांढरं धोतर फाडलं, दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत गुंडाळलं आणि सर्कशीतल्या घोड्यासारखी खोल्याखोल्यांतून फिरले. स्वयंपाकघरात काही नाही. माजघरात एखाददुसरी. काकूच्या खोलीत, ट्रंकेमागच्या कोपऱ्यात उभी राहिले आणि बघता बघता धोतरावर मोहरी सांडल्यासारखं झालं.

त्या कोपऱ्यात एक दुपटं घडी करून ठेवलेलं होतं. भाटी दुपारची त्यावर निजायची. मी घडी उलगडली. आत काळी भुकटी, मिठाच्या कणांसारखं पांढरं काहीतरी, आणि वळवळणारे केसाएवढे किडे. पिसवा भाटीच्या अंगावर नुसत्या जेवायला जात होत्या. त्यांचं घर इथं होतं. मला कोण आनंद झाला. मी ते दुपटं दोन बोटांत धरून अंगणात नाचवत नेलं आणि ओरडले, "काकू, सापडलं! हे उकळलं की भाटी राहिली."

काकू ताक करत होती. तिनं रवी थांबवली. दुपटं माझ्या हातातून घेतलं, छातीशी धरलं, त्यातल्या पिसवांसकट. ते तिच्या मुलाचं होतं. मूल गेल्यापासून तिनं ते धुतलं नव्हतं.

एवढं मला माहीत होतं. घरात सगळ्यांनाच होतं. पण न धुतलेल्या कापडात काय असतं, हे चौथीच्या पुस्तकात नव्हतं.

आजी ओसरीवर होती. तिनं सगळं पाहिलं. ती हळूच म्हणाली, "राहू दे सूनबाई. दुपटं ठेव. भाटीला पाठवू."

काकू भाटीकडे बघत राहिली, मग दुपट्याकडे. तिनं त्यात तोंड खुपसलं आणि इतका वेळ तशीच राहिली की मला वाटलं, चावतील हिला आता. मग उठून तिनं स्वतःच चुलीवर पातेलं चढवलं.

दुपटं दोनदा उकळलं. रिठ्यात धुतलं. कोपरा खरवडून शेणानं सारवला, कडेनं चुना टाकला. घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण उन्हात पडलं. संध्याकाळी काकूनं दुपटं दोरीवरून काढलं. नाकाशी नेलं. घडी घातली, उलगडली, दुसऱ्या टोकाला नाक लावलं.

"नुसत्या रिठ्याचा वास येतोय," ती म्हणाली.

मला वाटलं, शाबासकी मिळतेय. मी म्हटलं, "येणारच, चांगलं खसाखसा धुतलंय." काकूनं माझ्या केसांवरून हात फिरवला आणि ती आत गेली.

गाडीवाल्याला आजीनं दारातूनच परत पाठवलं. मग आई आली. सगळ्यांनी बाळ हातोहात घेतलं, आजीनं तर त्याची टाळू हुंगून हुंगून त्याला रडवलं. काकूची पाळी आली तेव्हा तिनं बाळाला नीट घेतलं, मान सांभाळून, पण तोंड एका बाजूला वळवून, श्वास रोखून. मी सगळ्यांदेखत टाळ्या पिटल्या आणि म्हणाले, काकूला बाळाच्या शूची घाण येते.

कुणीच हसलं नाही. आईनं उठून बाळ काकूकडून परत घेतलं.