काठावर मोजणारं माणूस

काठावर मोजणारं माणूस नसेल, तर तलावात कुणी उतरायचं नाही, हा आमच्या वडिलांचा नियम. ते शाळामास्तर. केळझरजवळच्या आमच्या गावात डोंगराच्या पायथ्याशी तलाव होता. पन्नास सालानंतरची काही वर्षं दर रविवारी ते गावातल्या पोरांना तिथं पोहायला शिकवत. पाठीला वाळलेले भोपळे बांधायचे, सांडव्याकडे फिरकायचं नाही, कमळाच्या वेलांपासून लांब राहायचं. मधूनमधून वडील पाण्यातून ओरडत, "किती?" काठावरून डोकी मोजून आकडा सांगायचा. एक जरी कमी भरलं तरी सगळे बाहेर.

ते मोजणारं माणूस म्हणजे मी, वय वर्षं बारा. मुलीच्या जातीनं पाण्यात उतरायचं नाही, म्हणून नऊ पोरांचे कपडे सांभाळा आणि नऊ डोकी मोजा. माझा धाकटा भाऊ परवापरवापर्यंत भोपळ्यांसकट गटांगळ्या खात होता. तोही पलीकडच्या खडकाला हात लावून यायला लागला आणि वर मला वाकुल्या दाखवायला लागला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजूनही जाते.

एका रविवारी वडिलांनी विचारलं, "किती?"

"नाई सांगत," मी म्हटलं.

"काऊन वं?"

"मले पोहाचं हाय. नाई त मी मोजत नाई."

वडिलांनी नियमाप्रमाणे सगळ्यांना बाहेर काढलं. पोरं वर येताना मी मनातल्या मनात मोजली. नऊ होती. तेवढी अक्कल मला होती.

पुढचे दोन रविवार तलावात कुणी उतरलं नाही. पोरं मला शिव्या घालत, भाऊ बोलेना. मी म्हटलं, नका बोलू. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही. वर्धा जिल्ह्यातल्या पोरीला सत्याग्रह काय शिकवायचा! वडील खादी घालणारे, त्यामुळे त्यांना माझ्यावर हातही उगारता येईना.

शेवटी एका संध्याकाळी चुलीपुढं बसून त्यांनी डाव टाकला. "उतर पाण्यात, मी नाई म्हनत नाई. पन तू पाण्यात गेली त मोजन कोन? पोराईतला एक बी काठावर बसाले तयार नाई."

खरंच कुणी तयार नव्हतं. मी हरले होते, आणि रडू दिसू नये म्हणून खाली मान घालून भाजी निवडत राहिले.

आई भाकरी थापत होती. पोरीला पोहणं कशाला, असं पहिल्यांदा तिनंच मला सुनावलं होतं. मान वर न करता ती म्हणाली, "मी बसीन."

रविवारी ती खरोखरच काठावर येऊन बसली. भावाचा सदरा-चड्डी घालून, भोपळे बांधून मी उतरले. पायाखालचा तळ सुटला, नाकातोंडात पाणी गेलं, जीव घाबरला. वडिलांनी माझ्या पोटाखाली हात धरला. थोड्या वेळानं त्यांनी तो काढून घेतला, आणि मी बुडाले नाही.

वडिलांनी वळून आईला आकडा विचारला.

आई केव्हाची उभी राहिली होती. माझ्यावरची नजर तिनं हलवली नाही.

"माही पोरगी वर हाय," ती ओरडली. "बाकीचे तुमी मोजा."